डाव्या बाजूचे बाक

पुणे,
१६ नोव्हेंबर

चि. मनीस,


तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. गेले काही दिवस फोनवर तू नुसतं हवापाण्याचं बोलत होतीस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. चार पानं हाताने लिहिलीस म्हणजे गोष्ट किती आत रुतली असेल ते कळलं. मीही कागदावरच उत्तर देतो, सावकाश.

गाझासाठीच्या मोर्चाची तयारी चाललेली, तुम्ही सगळे फलक रंगवत बसलेले, आणि तुझ्या वर्गातली ती मुलगी नेहमीसारखी ब्रश घेऊन आली. तुमच्यातला एक जण तिला म्हणाला, "आधी तुझ्या लोकांबद्दल तुला काय वाटतं ते सगळ्यांसमोर सांग, मग रंगव." ती ज्यू आहे, एवढंच कारण. दुसऱ्या कुणाला असं विचारलं गेलं नाही. ती ब्रश ठेवून निघून गेली आणि तेव्हापासून वर्गात मागच्या रांगेत एकटी बसते. तू त्या वेळी गप्प राहिलीस, आणि आता मला विचारतेस : "आम्ही तर न्यायाच्या बाजूचे, मामा. आमच्यात हे कुठून आलं?"

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको. गाझातल्या मुलांसाठी तू रस्त्यावर उतरतेस याचा मला अभिमान आहे. बाँब टाकणाऱ्या सरकारला जाब विचारणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. जाब विचारणाऱ्या प्रत्येकावर तो शिक्का मारणारे लोक त्या शब्दाची धारच घालवून बसतात, आणि मग खरोखरचा द्वेष समोर आला की आपल्याकडे त्याच्यासाठी शब्द उरत नाही. त्यामुळे मोर्चा सोडू नकोस. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच वॉर्सा विद्यापीठात आहे. निवृत्तीनंतर मी या विषयावर बरंच वाचलं. का वाचलं, ते पुढे सांगेन.

तू ज्या वर्गांत बसतेस त्यांतल्या काही वर्गांत १९३७ साली ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक होते. त्या काळी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते, म्हणजे दर दहा माणसांत एक. वॉर्सात तर दर तिघांत जवळजवळ एक. रोमान द्मोव्स्कींच्या राष्ट्रवादी पक्षाच्या आणि त्याहून कडव्या गटांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं मारामाऱ्या केल्या, ज्यू मुलांना वर्गाबाहेर ओढून काढलं, आणि अखेर सरकारने कुलगुरूंना मुभा दिली की वर्गातली बसण्याची जागा ठरवून द्यावी. ज्यू मुलांच्या ओळखपुस्तिकेत शिक्का मारला जाऊ लागला. त्यांच्या वाट्याला आले वर्गातले डाव्या बाजूचे बाक. पुष्कळ मुलांनी त्या बाकांवर बसायला नकार दिला. ती व्याख्यानभर भिंतीला टेकून उभी राहत, उभ्या उभ्याच वह्या भरत. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती मुलंही उभी राहिली, आणि काही प्राध्यापकही. उभं राहून लिहिताना वही कुठे टेकवत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. चाळीस वर्षं शिकवलं ना, वही पहिल्यांदा दिसते.

उजव्यांचा त्यांच्यावर मुख्य आरोप कोणता होता? तर हे सगळे कम्युनिस्ट आहेत. 'ज्यू-कम्यून' असा एक जोडशब्दच पोलिश भाषेत रुळला होता. ज्यू म्हणजे मॉस्कोचा हस्तक. देश नाही, धर्म नाही, मालमत्तेला मान नाही.

मग युद्ध आलं, आणि त्या तेहतीस लाखांतली दहापैकी नऊ माणसं मारली गेली. ते तुला मी नव्याने सांगायला नको, तू त्या शहरात राहतेस. पण जे उरले त्यांचं काय झालं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जुलै १९४६मध्ये क्येल्त्से शहरात एका मुलाला ज्यूंनी पळवल्याची खोटी आवई उठली आणि नरसंहारातून वाचलेल्या चाळीसहून अधिक माणसांना जमावाने मारलं. त्यानंतर हजारो लोक देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्यातले पुष्कळ जण एका श्रद्धेने राहिले. नवा समाजवादी पोलंड माणसाला त्याची आजी कोण होती हे विचारणार नाही, अशी ती श्रद्धा. कायद्यानेही वंशद्वेषाला बंदी होती. ती श्रद्धा मला आतून कळते, मनी. माझ्याही तरुणपणी आमच्या डाव्यांच्या अभ्यासवर्गात आम्ही हेच मानत होतो की शोषण संपलं की जात, धर्म, वंश हे सगळं आपोआप गळून पडेल.

१९६७च्या जूनमध्ये इस्रायल आणि अरब देशांत सहा दिवसांचं युद्ध झालं. सोव्हिएत गट अरबांच्या बाजूचा होता. पोलंडचे पक्षप्रमुख गोमुल्का कामगार संघटनांच्या अधिवेशनात बोलायला उभे राहिले आणि इस्रायलच्या विजयाने आनंदलेल्या पोलिश ज्यूंचा उल्लेख त्यांनी 'पंचमस्तंभी' असा केला. छापील भाषणातून तो भाग नंतर गाळला गेला. पण बोलला गेलेला शब्द छापून येण्याची वाट पाहत बसत नाही. गृहखात्यात मोचार नावाचे मंत्री होते. त्यांची माणसं आधीपासूनच कोणाचे आईवडील कोण याच्या याद्या करत होती. त्यांना हवी असलेली परवानगी मिळाली.

पुढच्या जानेवारीत वॉर्सातल्या राष्ट्रीय नाट्यगृहात कवी मित्स्क्येविचच्या 'ज्यादी' या नाटकाचे प्रयोग सरकारने बंद पाडले. झारशाही रशियाविरुद्धच्या ओळींना प्रेक्षक फार टाळ्या वाजवू लागले होते, एवढाच त्या नाटकाचा गुन्हा. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. आदाम मिख्निक आणि हेन्रिक श्लायफर या दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढलं. ८ मार्च १९६८ रोजी तुझ्या विद्यापीठाच्या आवारात त्यांच्यासाठी सभा भरली आणि ती लाठ्यांनी मोडली गेली. मुलांची मागणी काय होती? सेन्सॉरशिप नको, विद्यापीठाला स्वायत्तता हवी. ज्यूंचा त्या मागणीशी काडीचा संबंध नव्हता.

सरकारला भीती होती ती मुलांच्या पाठीशी कामगार उभे राहण्याची. मांस महागलेलं, पगार गोठलेले. तेव्हा लोकांना सांगायचं ठरलं की ही मुलं तुमची नव्हेतच. तीनच दिवसांनी, ११ मार्चला, 'स्वोवो पोव्शेख्ने' या दैनिकात वॉर्सा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना उद्देशून एक आवाहन छापून आलं. त्यात आंदोलनातल्या मुलांची नावं होती, निवडून काढलेली, ज्यू वाटतील अशी.

आता इथे थांब आणि हे नीट वाच, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. ते दैनिक 'पॅक्स' या संघटनेचं. सरकारशी जुळवून घेणाऱ्या कॅथलिकांची ती संघटना. तिचा प्रमुख होता बोलेस्वाव प्यासेत्स्की. हा माणूस १९३०च्या दशकात 'फालांगा' या उघड फॅसिस्ट गटाचा नेता होता. वेगळे बाक मागणाऱ्या मारामाऱ्यांमध्ये त्याच्या गटाची पोरं पुढे असत. तीस वर्षांनी तोच माणूस त्याच विद्यापीठातल्या मुलांकडे पुन्हा तेच बोट दाखवत होता, आता समाजवादाच्या वतीने. मधल्या काळात राज्य बदललं, झेंडा बदलला, मालमत्तेचे कायदे बदलले. त्याला आपलं बोट तेवढं बदलावं लागलं नाही.

पण एक शब्द मात्र बदलावा लागला, कारण 'ज्यू' हा शब्द कम्युनिस्ट राज्यात त्या अर्थाने उच्चारता येत नव्हता. म्हणून सगळीकडे 'झायोनिस्ट', म्हणजे ज्यू राष्ट्राचा पुरस्कर्ता, हा शब्द आला. कारखान्याकारखान्यांत सभा भरवल्या गेल्या. पक्षातून झायोनिस्टांची साफसफाई करा, असे फलक कामगारांच्या हातात दिले गेले. १९ मार्चला गोमुल्कांनी तीन हजार कार्यकर्त्यांसमोर भाषण केलं, ते देशभर प्रक्षेपित झालं. त्यांनी ज्यूंचे तीन प्रकार सांगितले आणि ज्यांना इस्रायल आपला वाटतो त्यांना देश सोडायचे कागद द्यायला आपण तयार आहोत असं जाहीर केलं. सभागृहातून आरोळ्या उठत होत्या : आणखी जोरात, आणखी धीटपणे! गोमुल्कांची स्वतःची पत्नी ज्यू होती. तिने त्या संध्याकाळी घरी काय ऐकलं असेल, देव जाणे.

कार्यालयांत, इस्पितळांत, लष्करात, प्रकाशनसंस्थांत माणसं काढली जाऊ लागली. 'झायोनिस्ट' हे एक राजकीय मत आहे, असं तोंडाने म्हटलं जात होतं. प्रत्यक्षात पाहिलं जात होतं वडिलांचं पहिलं नाव. ज्यांना इस्रायलबद्दल ना प्रेम होतं ना माहिती, असे लोकही त्यात आले. काही तरुणांना तर आपण ज्यू आहोत हे त्याच महिन्यात पहिल्यांदा कळलं. आईबापांनी युद्धानंतर जपून ठेवलेलं गुपित सरकारने त्यांना वर्तमानपत्रातून सांगितलं. तुझ्या विद्यापीठातून २५ मार्चला सहा अध्यापक काढले गेले. त्यांत समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन होते, आणि ज्यू नसलेले लेशेक कोवाकोव्स्कीही होते. ज्यू रंगभूमीच्या ज्येष्ठ अभिनेत्री इदा कामीन्स्का, ज्यांचं ऑस्करसाठी नामांकन झालं होतं, त्याही त्या वर्षी गेल्या. सुमारे तेरा हजार माणसं गेली. आणि विद्यापीठांत रिकाम्या झालेल्या जागांवर जे घाईघाईने बढती देऊन बसवले गेले त्यांना लोक 'मार्चचे डोसेंट', म्हणजे मार्चचे उपप्राध्यापक, म्हणू लागले. ज्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस गेला आणि ज्यांना त्याचं टेबल मिळालं, त्यांना 'झायोनिस्ट' या शब्दाचा खरेखोटेपणा तपासायची गरज वाटली नाही. लोकमत कसं घडतं हे आपण भाषणांतून शोधतो. त्यातला बराच भाग या टेबलांपाशी घडतो, असं मला वाटतं.

बाहेर जाणाऱ्याला आधी नागरिकत्वाचा त्याग करावा लागे. मग हातात पासपोर्टऐवजी एक प्रवासपत्र मिळे. त्यावर लिहिलेलं असे की हे पत्र बाळगणारी व्यक्ती पोलंडची नागरिक नाही. ती व्यक्ती कुठली आहे, याबद्दल त्या कागदावर काहीच नसे. शिवाय जायचं ठिकाण इस्रायल असंच सांगावं लागे, नाहीतर परवानगी नाही. प्रत्यक्षात बरेच जण व्हिएन्नावरून स्वीडन, डेन्मार्क, अमेरिकेकडे वळले. पण अर्जावर इस्रायल लिहून घेतल्याने सरकारचं म्हणणं सिद्ध झालं : बघा, होते ना हे झायोनिस्ट! ग्दान्स्का स्थानकातून त्या गाड्या सुटत. आजही तिथे भिंतीवर पाटी आहे. एकदा जाऊन ये.

माझ्या पिढीच्या डाव्या माणसाला यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती वाटते, सांगू? हे काम नुसत्या फॅसिस्टांनी केलं असतं तर मला ते समजलं असतं. पण ते करणाऱ्यांत असे लोक होते जे स्वतः हिटलरच्या सैन्याशी लढले होते. आपण ज्यूद्वेष्टे असूच शकत नाही, याबद्दल त्यांची खात्री होती, आणि तीच खात्री त्यांना नडली. युरोपातल्या समाजवाद्यांमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक बोल प्रचलित होता की ज्यूद्वेष म्हणजे मूर्खांचा समाजवाद. तरुणपणी तो मला फार आवडायचा. आता आवडत नाही. त्याने आम्हाला फार स्वस्तात सोडलं. मूर्ख ते, आम्ही नव्हे. पण १९५२ साली प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवटीने आपल्याच नेत्यांवर चालवलेल्या स्लान्स्की खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू निघाले, आणि आरोपपत्रात त्यांच्या नावापुढे त्यांचं मूळ नमूद केलं गेलं. ते लिहिणारे मूर्ख नव्हते. जानेवारी १९५३मध्ये सोव्हिएत पक्षाच्या 'प्रावदा'ने क्रेमलिनच्या डॉक्टरांवर, ज्यांतले बहुतेक ज्यू होते, मुद्दाम चुकीचे उपचार करून नेत्यांना मारल्याचे आरोप छापले. स्टालिन मार्चमध्ये वारला आणि एप्रिलमध्ये सरकारनेच सांगितलं की सगळं बनावट होतं. ते छापणारेही मूर्ख नव्हते.

प्रत्येक विचारसरणी जगाला एक वचन देते. ते पुरं होत नाही तेव्हा आपलं काय चुकलं हे पाहण्यापेक्षा कोणाचा तरी छुपा हात शोधणं सोपं असतं. युरोपात त्या छुप्या हाताची आकृती चर्चच्या जुन्या शिकवणुकीने आधीच काढून ठेवली होती. नंतर प्रत्येकाने तीत आपापला शत्रू भरला. राष्ट्रवाद्याला तिथे देश नसलेला माणूस दिसला, भांडवलदाराला क्रांतिकारक, क्रांतिकारकाला सावकार. आंतरराष्ट्रवादी म्हणवणाऱ्याला तिथे फार जास्त देश असलेला माणूस दिसला. हे सगळे आरोप एकाच वेळी एकाच माणसाबद्दल खरे असणं शक्य नाही. तरीही ते शेजारी शेजारी सुखाने नांदले.

आता मी हे सगळं का वाचलं ते सांगतो. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

१९८२ साली मी रायगड जिल्ह्यात एका शाळेत होतो. आमच्यात गणित शिकवणारे एक मास्तर होते, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आपल्याकडचे शनवार तेली. तेलघाणा चालवायचे आणि शनिवारी काम करायचे नाहीत म्हणून ते नाव पडलं. शेकडो वर्षं कोकणात राहिलेली माणसं. गावाच्या नावावरून आडनाव, शेवटी 'कर'. घरात मराठी, शाळेत मराठी, अलिबागला इस्राएल आळीत नातलग, नवससायासाला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. तो मलिदा ते आम्हा सगळ्यांसाठी पितळी डब्यातून आणायचे. खोबरं, गूळ, पोहे, वेलची. शाळेत त्यांना कोणी कधी 'तुम्ही वेगळे' असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भारतातल्या ज्यूंना इथल्या शेजाऱ्यांनी कधी छळलं नाही हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बहुतांशी खरंही आहे.

त्या सप्टेंबरात बैरुतमधल्या साब्रा आणि शातिला या छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. लेबनॉनमधल्या फालांजिस्ट टोळ्यांनी ती केली, आणि भोवती इस्रायली सैन्याचा वेढा होता. बातमी वाचून माझं रक्त उकळलं. तो राग खरा होता, आजही मला त्याची लाज वाटत नाही. मी वर्तमानपत्र घेऊन स्टाफरूममध्ये गेलो आणि मास्तरांच्या समोर टेबलावर ते आपटलं. म्हणालो, "बघा, तुमच्या लोकांनी काय केलं."

आठ-दहा जण बसले होते. मास्तर रायगड जिल्ह्याबाहेर फार तर मुंबईला गेलेले. त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, चष्मा पुसला. मग खडू उचलून ते वर्गावर गेले. घंटा व्हायला दहा मिनिटं होती.

त्याच आठवड्यात तेल अवीवमध्ये लाखो इस्रायली लोक स्वतःच्या सरकारचा निषेध करायला रस्त्यावर आले होते. ती बातमीही आली असणार. मी ती वाचली नाही, कारण मला जे म्हणायचं होतं त्यात ती बसत नव्हती. वडिलांचं नाव पाहून माणसाचं मत ठरवणारे ते वॉर्सातले कारकून आणि मी यांच्यात फरक आहे, हे मला कळतं. माझ्या हातात शिक्का नव्हता, लाठी नव्हती. पण मी केलं तेच. माझा अभ्यासवर्ग मला त्यापासून वाचवू शकला नाही. उलट त्यानेच मला ते टेबलावर वर्तमानपत्र आपटायचं बळ दिलं, कारण मी न्यायाच्या बाजूला होतो.

मास्तरांनी माझ्याशी अबोला धरला नाही. पण त्यानंतर डबा आला नाही. दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि मुलीकडे इस्रायलला गेले. ज्या माणसाला मी 'तुमचे लोक' म्हणालो, तो शेवटी खरोखरच तिकडे गेला. त्यात माझा वाटा किती, हे मी मोजू शकत नाही. बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं आपल्या मर्जीने, आपल्या धर्माच्या ओढीने गेली. मास्तरही तसेच गेले असतील.

आणखी एक, आपल्या मराठी घरांबद्दल. तुझ्या आजोबांच्या मित्रमंडळीत "या देशाला एक हिटलर पाहिजे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर आजही पुस्तकांच्या दुकानात उघड्यावर मिळतं आणि खपतं. त्याच बैठकांमध्ये नंतर इस्रायलचं कौतुक सुरू झालं. एकाच तोंडाने दोन्ही. मी त्यांच्यावर तावातावाने तुटून पडायचो. आज वाटतं, त्यांनाही ज्यू माणूस दिसत नव्हता आणि मलाही नव्हता. त्यांना तो मुसलमानांविरुद्ध वापरायची काठी म्हणून हवा होता, मला साम्राज्यवादाचं उदाहरण म्हणून. गणिताचे मास्तर दोघांच्याही हिशेबात नव्हते.

तू गप्प राहिलीस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तू विसाव्या वर्षी एक दिवस गप्प राहिलीस. मी बत्तिसाव्या वर्षी बोललो आणि मग चाळीस वर्षं गप्प राहिलो. तुझ्याकडे सोमवार आहे. त्या मुलीला समजावून सांगायला जाऊ नकोस, आणि गटाच्या वतीने माफीही मागू नकोस. तुला स्वतःला काय वाटलं ते सांग, आणि मागच्या रांगेत तिच्या शेजारी जागा असेल तर तिथे बस. तिला नको असेल तर उठून ये. ज्याने तिला तो प्रश्न विचारला त्याच्याशीही बोल. त्यालाही वाईट ठरवून टाकू नकोस. त्याचा राग खरा असेल, माझा होता तसा.

मास्तरांनी तिकडे गेल्यावर मला एक पत्र पाठवलं होतं. शुद्ध मराठी, वळणदार अक्षर. त्यात त्या सकाळचा उल्लेख नव्हता. शाळेच्या मागच्या आंब्याला यंदा मोहोर कसा आहे, दहावीचा निकाल किती लागला, आणि तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो हे मनाला पटत नाही, असं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं. आंब्याचं लिहिलं, निकालाचं लिहिलं. मुख्य ते लिहिलं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर ते पाकीट शोधून काढलं. पत्ता मुलीच्या घरचा आहे. मास्तर आता नसणारच, असते तर शंभरीच्या घरात असते. मुलगी साठी ओलांडलेली असेल, आणि तिला मराठी वाचता येतं. काल रात्री बसून तिला सगळं लिहिलं, स्टाफरूममधल्या त्या सकाळसकट. आज दुपारी पोस्टात टाकून आलो. खिडकीवरच्या मुलीने पत्ता दोनदा वाचला आणि विचारलं, पोचेल का हो हे? म्हटलं, टाकून तर बघू.

थंडी वाढली असेल, कानाला गुंडाळत जा. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. उत्तर आलं तर कळवतो.

तुझा,
मामा